शिरोरेषेला लोंबकळणारी अक्षरं

रोमन अक्षरं जमिनीवर उभी राहतात, देवनागरी अक्षरं दोरीला लोंबकळतात. वहीतल्या रेघेवर दोन्ही लिप्या लिहून पाहिल्या की हे लगेच कळतं. इंग्रजी अक्षर आपण रेघेवर टेकवतो. मराठी अक्षर आधी काढतो आणि मग वरून शिरोरेषा ओढून त्याला टांगतो. हाती काढल्यासारखा दिसणारा खेळकर फॉन्ट देवनागरीत करायचा असो की नुसता वापरायचा असो, त्यातल्या बहुतेक अडचणी आणि बहुतेक गमती या एका फरकातून निघतात.

रोमनमध्ये खेळकरपणा आणायची रीत सोपी आहे. एक अक्षर किंचित वर, पुढचं किंचित खाली, तिसरं जरा कललेलं, की शब्द उड्या मारायला लागतो. प्रत्येक अक्षर सुटं असल्यामुळे कुणाचं कुणावाचून अडत नाही. हीच रीत देवनागरीला लावली की पहिल्याच शब्दात शिरोरेषेच्या पायऱ्या होतात. प्रत्येक सांध्यावर खाच किंवा टोक दिसतं आणि शब्द खेळकर न दिसता मोडका दिसतो. दोरीवर वाळत घातलेले कपडे वाऱ्यानं हलतात तेव्हा हलतात ते त्यांचे खालचे काठ. चिमटे जागच्या जागी असतात. देवनागरीतला खोडकरपणाही तसाच डोक्याशी नको, पायाशी हवा.

आकड्यांत सांगायचं तर फॉन्टची आखणी बहुधा १००० एककांच्या चौकटीत होते. समजा शिरोरेषेचा वरचा काठ ६४० वर आहे आणि उभ्या दंडाचा पाय शून्यावर टेकतो. खेळकर फॉन्टमध्ये ६४० हा आकडा प्रत्येक अक्षराच्या दोन्ही कडांना जसाच्या तसा ठेवायचा. पायांना मात्र मोकळीक द्यायची: एखाद्या अक्षराचा दंड २५ एकक खाली उतरेल, शेजारचा १५ एकक आधीच थांबेल. दंडाला दोन-तीन अंशांचा कल दिला तरी चालतो, पण कलणं शिरोरेषेच्या सांध्यापासून सुरू व्हावं, शिरोरेषेसकट नव्हे. पायांतला फरक १० एककांच्या आत राहिला तर तो जाणवतच नाही, नुसती हलगर्जी वाटते. ४० च्या वर गेला की उकार आणि ऋकार बसवायला जागा उरत नाही, कारण ते पायालाच चिकटायचे असतात. म्हणून पाय उतरलेल्या अक्षराचा उकारही तेवढाच उतरवावा लागतो. त्यासाठी प्रत्येक अक्षराला खालचा अँकर, म्हणजे मात्रा जोडायचा बिंदू, त्याच्या खऱ्या पायाजवळ द्यायचा. सगळ्यांना एकाच उंचीवर दिला तर काही उकार अक्षरात घुसतात आणि काही तुटून खाली लोंबतात.

आता शिरोरेषाच सरळसोट ठेवली तर हात कुठे दिसणार, हा प्रश्न येतोच. तिलाही हलवता येतं, पण फक्त मधल्या भागात. अक्षराच्या डाव्या आणि उजव्या कडेला रेषा ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या जाडीची आणि आडवी सपाट असली पाहिजे; मधल्या प्रवासात ती ८-१० एकक वर फुगू दे, खाली दबू दे. म्हणजे कुठलंही अक्षर कुठल्याही अक्षराशेजारी आलं तरी सांधा जुळतो आणि शब्दभर रेषा हातानं ओढल्यासारखी थरथरते. शिवाय प्रत्येक अक्षराची रेषा त्याच्या रुंदीच्या बाहेर १५-२० एकक पुढे काढावी लागते, म्हणजे ती शेजारच्यावर चढते. नुसती कडेला कड लावली तर पडद्यावर सांध्यात केसाएवढी फिकट फट दिसते. छापील कागदावर ती फट बहुधा जाते, मोबाइलवर जात नाही. पुष्कळदा रेषेची टोकं गोल ठेवण्याचा मोह होतो, कारण गोल टोक खेळकर असतं. पण गोल टोक शब्दाच्या आरंभी आणि शेवटी शोभतं. मध्ये आलं की प्रत्येक सांध्यावर कमरेसारखी बारीक जागा तयार होते. दोन्ही हवं असेल तर शब्दाच्या सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं वेगळी आखून, शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ओळखणारा नियम फॉन्टमध्ये घालावा लागतो. काम वाढतं, पण गोलाव्याची गोडी त्यातच आहे.

दुसरा मार्ग शिरोरेषा काढूनच टाकण्याचा. मग अक्षरं खरोखर मोकळी होतात आणि रोमनसारख्या उड्या मारू शकतात. या मार्गावर एक खड्डा मात्र ठरलेला आहे. भ आणि म, ध आणि घ या जोड्यांतला फरक आपण मुख्यतः शिरोरेषेवरून ओळखतो: म आणि घ यांच्या डोक्यावर ती अखंड असते, भ आणि ध यांच्या डाव्या खांद्याशी तुटलेली असते. रेषाच गेली तर ‘धर’ आणि ‘घर’ एकमेकांत मिसळतात. म्हणून बिनशिरोरेषेच्या फॉन्टमध्ये भ आणि ध यांची सुरुवातीची गाठ नेहमीपेक्षा ठळक, जवळजवळ गोगलगायीच्या शंखासारखी वळवावी लागते, आणि म आणि घ यांची सुरुवात मुद्दाम साधी ठेवावी लागते. थ आणि य यांचंही तेच. ख ची गोष्ट जरा वेगळी: त्याचे दोन भाग खाली जोडले नाहीत तर तो ‘रव’ वाचला जातो, मग शिरोरेषा असो वा नसो. खेळकर फॉन्टमध्ये तो जोड सैल करण्याचा मोह फार होतो. तो टाळलेला बरा.

हात दिसायला हवा म्हणजे नेमकं काय, हे आधी हत्यारावरून ठरतं. बोरूनं किंवा चपट्या टोकाच्या मार्करनं काढलेल्या अक्षरात जाड-बारीक आपोआप येतं आणि अक्षर जरा रुबाबदार होतं. गोल टोकाच्या मार्करनं जाडी सगळीकडे सारखी राहते. बालिश, गुबगुबीत फॉन्टसाठी हेच हत्यार. ब्रश पेन दाबानुसार फुगतं, त्यामुळे दंडाचं टोक निमुळतं करता येतं. खडू आणि क्रेयॉन यांच्यात कडेचा खरखरीतपणा हीच गोष्ट असते. हत्यार एकच निवडावं. क ब्रशनं आणि ख मार्करनं काढला तर ते दोघे एका घरातले वाटत नाहीत, मग कितीही सफाई केली तरी.

काढताना अक्षर मोठं काढावं, शिरोरेषेपासून पायापर्यंत चार-पाच सेंटिमीटर. लहान काढलेलं अक्षर मोठं केलं की हाताचा कंप मोठा होतो, आणि तो कंप खेळकर दिसत नाही, आजारी दिसतो. कागद गुळगुळीत आणि शाई न फुटणारा हवा. त्यावर फिकट निळ्या पेन्सिलीनं तीन आडव्या रेघा आखायच्या: शिरोरेषा, पाय, आणि मध्ये पोटाची रेघ, म्हणजे व, ब, क यांची गोलाई जिथे सगळ्यात बाहेर येते ती. प्रत्येक अक्षर किमान दहा वेळा काढायचं आणि बहुधा पाचवं ते आठवं यांतून निवडायचं. पहिली जपून काढलेली असतात, शेवटची कंटाळून. सुरुवात वर्णमालेच्या क्रमानं करू नये. आधी व, मग त्यातून ब आणि क; मग प, ष, फ; मग न, त, ल; मग र, स, ख. एका वळणाची भावंडं एका बैठकीत काढली की त्यांचं पोट, त्यांची गाठ, त्यांचा दंड सारखा राहतो. झ, ळ, क्ष आणि ज्ञ शेवटी, कारण तोवर हाताला या फॉन्टची चाल समजलेली असते.

ळ बद्दल दोन ओळी जास्त लिहायलाच हव्यात. दोन शेजारी शेजारी बसलेले गोल, एकाच रेषेला टांगलेले: खेळकर फॉन्टसाठी याहून आयतं अक्षर देवनागरीत नाही. एक गोल मोठा, एक लहान ठेवता येतो, ते किंचित वरखाली करता येतात, पोकळीचे आकार वेगळे ठेवता येतात. मराठीत हे अक्षर वारंवार येतं, त्यामुळे त्याच्यावर घेतलेली मेहनत पानभर दिसते. ज्या फॉन्टमध्ये ळ घाईत उरकलेला आहे तो फॉन्ट मराठी माणसानं आखलेला नाही, असं मी बिनदिक्कत समजते.

कागदावरून संगणकात आणताना ६०० डीपीआयला, करड्या छटांत स्कॅन करावं आणि काळं-पांढरं नंतर करावं, म्हणजे कडा कुठे धरायची ते आपल्या हातात राहतं. मग रेषांकन, म्हणजे स्कॅनमधल्या कडेवर बिंदू ठेवून तिची वक्ररेषा करणं. आपोआप रेषांकन करणारी आज्ञा वापरली की एका क च्या कडेवर दोन-तीनशे बिंदू येऊन बसतात. नीट हातानं आखलेल्या क ला तीस-चाळीस पुरतात. बिंदू वक्राच्या टोकांवर, म्हणजे सगळ्यात वर, सगळ्यात खाली, सगळ्यात डावीकडे, सगळ्यात उजवीकडे ठेवायचे. मधले जमतील तेवढे काढून टाकायचे. हाताचा मऊपणा बिंदूंच्या संख्येतून येत नाही, वक्राच्या ओढीतून येतो. खडूसारख्या खरखरीत फॉन्टला हजारावर बिंदू लागतात हे खरं, पण त्याची किंमत वापरणाऱ्याला मोजावी लागते: फाइल जड होते, वेबपान उशिरा उमटतं, आणि अक्षरं व्हायनलच्या चिकट प्लास्टिकमधून कापून घ्यायची असतील तर यंत्राचं पातं त्या दातेरी कडेवर अडखळून व्हायनल फाडतं. कापायच्या, कोरायच्या किंवा भरतकाम करायच्या मजकुराला गुळगुळीत कडेचाच फॉन्ट घ्यावा.

आता सगळ्यात अवघड भाग. हातानं लिहिलेल्या मजकुरात दोन क कधीच हुबेहूब सारखे नसतात, फॉन्टमध्ये असतात. ‘कडकडाट’ लिहिला की दोन्ही क एकाच साच्यातले निघतात आणि हाताचा आभास तिथेच विरतो. उपाय म्हणून नेहमी लागणाऱ्या अक्षरांची दोन-तीन रूपं काढतात आणि ‘मागच्या चार-पाच अक्षरांत पहिलं रूप येऊन गेलं असेल तर दुसरं घे’ असा संदर्भनियम घालतात. इथपर्यंत रोमन फॉन्टवाल्यांनी वाट पाडून ठेवलेली आहे. देवनागरीत मात्र व्यंजनांची रूपं वाढवूनही काम होत नाही, कारण आपल्या लिपीत सगळ्यात जास्त वेळा येणारा आकार कुठल्याच व्यंजनाचा नाही. तो काना आहे. ‘मामाचा वाडा’ लिहून बघावं: म, म, च आणि व यांचे स्वतःचे दंड, शिवाय पाच काने, म्हणजे एवढ्याशा मजकुरात नऊ उभे दंड. ते नऊही एका उंचीचे, एका जाडीचे, एका कलाचे असतील तर म ची तीन रूपं काढूनही शब्द छापील कुंपणासारखाच दिसतो. म्हणून रूपं वाढवायची तर आधी कान्याची वाढवावीत. चार पुरतात: एक सरळ, एक पायाशी किंचित डावीकडे वळलेला, एक आखूड, एक लांब आणि टोकाशी निमुळता. त्यानंतर दुसरी वेलांटी आणि एक मात्रा. व्यंजनांचा नंबर त्यानंतर.

चाचणीसाठी मराठीत शब्दांची ददात नाही. खळखळ, टपटप, झुळझुळ, गडगडाट, लुटूपुटू, भुरभुर, चिवचिव. आपल्या भाषेतले निम्मे नादशब्द अक्षरांच्या पुनरावृत्तीवर उभे आहेत, आणि खेळकर फॉन्ट नेमका अशाच शब्दांसाठी वापरला जातो. त्यामुळे ही परीक्षा कृत्रिम नाही.

वेलांट्यांची परीक्षा वेगळी. पहिल्या वेलांटीची कमान अक्षराच्या दंडापर्यंत पोचायला हवी. रि मध्ये ती आखूड, कि मध्ये मध्यम, क्षि मध्ये लांब, स्त्रि मध्ये त्याहून लांब. गंभीर मजकुराच्या फॉन्टमध्ये यासाठी सात-आठ रुंदीच्या वेलांट्या ठेवतात. खेळकर फॉन्टमध्ये तीन-चारांवर भागतं, पण कमान दंडाच्या अलीकडे थांबली तरी चालेल, पलीकडे जाऊ नये. अलीकडे थांबलेली कमान हाताच्या घाईसारखी वाटते, पलीकडे गेलेली पुढच्या अक्षराची मात्रा वाटते. डोक्यावरच्या गर्दीचीही सोय हवी. ‘मूर्तींना’, ‘विद्यार्थ्यांनी’, ‘सर्वांच्या’ या शब्दांत रफार आणि अनुस्वार एकाच जागेसाठी भांडतात, ‘मूर्तींना’ मध्ये तर वेलांटीही असते. एकत्र येणारी ही चिन्हं एकाच आकारात काढून ठेवली तर सुटसुटीत बसतात. इथे हाताचा स्वभाव मदतीला येतो: हातानं लिहिताना आपण तसाही रफाराचा फटकारा आणि अनुस्वाराचा ठिपका एकाच झटक्यात मारतो.

मराठीसाठी आणखी काही गोष्टी सवलत न देता तपासाव्यात. मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श आहे का? नुसता असून पुरत नाही, मजकुराची भाषा मराठी नोंदवली की तो आपोआप यावा. वेबपानावर भाषा नोंदवायची राहिली तर फॉन्टमध्ये मराठी वळण असूनही हिंदी वळण उमटतं आणि दोष फॉन्टला लागतो. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कोऱ्या’ यांत र चं पापणीसारखं रूप येतं का? आलं नाही तर ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतला फरक पुसला जातो, म्हणजे स्वयंपाक करणारे आणि शिकवणारे एक होतात. ‘ॲप’ मधला ॲ आहे का? युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या संगणकी संकेतांच्या प्रमाण यादीत, हे अक्षर २००८ साली आलं, त्याआधी आखलेल्या फॉन्टांत ते नसतंच, आणि नंतरच्याही काहींत राहून गेलेलं असतं. अक्षर नसलं की संगणक दुसऱ्या फॉन्टमधलं उचलतो, आणि गुबगुबीत शब्दात एकच सडपातळ, ताठ ॲ उपऱ्यासारखा उभा राहतो. ठळक शीर्षकात ते लपत नाही.

वापरणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर पहिला प्रश्न आकाराचा. असे फॉन्ट २४ पॉइंटांच्या वर सुखी असतात, ३६ च्या वर खुलतात. १२ पॉइंटांत त्यांच्या गमतीचा मळ होतो: पायांतला फरक छपाईतल्या दोषासारखा दिसतो आणि जाड फॉन्टमध्ये ण, श, क्ष यांच्या पोकळ्या बुजतात. एक ते पाच शब्द हे त्यांचं घर. दोन ओळींचं शीर्षक जमतं, पण वरच्या ओळीतला ऊकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी समोरासमोर आली तर एकतर शब्द दुसऱ्या जागी तोडावा, नाहीतर ओळींतलं अंतर वाढवावं. अंतर आकाराच्या सव्वापटीपासून दीडपटीपर्यंत लागतं. रोमन शीर्षकांत चालणारी घट्ट ओळ इथे चालत नाही. परिच्छेद या फॉन्टमध्ये लावूच नये. त्यासाठी शेजारी एखादा शांत फॉन्ट घ्यावा, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, आणि त्याची जाडी अशी निवडावी की शीर्षकाच्या तुलनेत तो स्पष्टपणे हलका दिसेल. थोडासाच हलका असेल तर दोघे एकमेकांची नक्कल करताहेत असं वाटतं.

अक्षरांतलं अंतर वाढवण्याची सोय प्रत्येक मांडणीच्या अवजारात असते आणि देवनागरीत तिला हात लावायचा नसतो. १५-२० एककांपेक्षा जास्त वाढवलं की शिरोरेषेतले चढलेले भाग संपतात आणि शब्दाचे तुकडे पडतात. शब्द रुंद हवा असेल तर फॉन्टचा आकार वाढवावा किंवा रुंद फॉन्ट घ्यावा. अक्षरांना बाहेरून रेघ द्यायची तर दुसराच घोळ होतो: सांध्यावर जिथे रेषा एकमेकींवर चढलेल्या असतात तिथे बाह्यरेघ मधून आडवी जाते आणि प्रत्येक अक्षराभोवती वेगळा पिंजरा दिसतो. त्यासाठी आधी मजकुराचं आकारांत रूपांतर करावं, म्हणजे टाइप केलेली अक्षरं नुसती चित्रं होतात, सगळे आकार एकजीव करावेत, आणि मग रेघ द्यावी, तीही बाहेरच्या बाजूनं. आतल्या बाजूनं दिली तर ळ ची पोटं भरतात. अर्धपारदर्शक रंगातही सांध्यावर गडद चौकोन उमटू शकतात. तिथे रंग अपारदर्शक ठेवून पूर्ण शब्दाची पारदर्शकता एकत्र कमी करावी.

कमानीत लिहिलेलं शीर्षक सगळ्यांनाच आवडतं. मजकूर वक्ररेषेवर चालवला की अवजार प्रत्येक अक्षर फिरवतं, वाकवत नाही. रोमन अक्षरांना ते चालतं. देवनागरीत शिरोरेषा वाकण्याऐवजी तुकड्यातुकड्यांनी वळते आणि कमानीच्या जागी बहुकोन तयार होतो, बाहेरच्या बाजूला खाचा पडतात. शब्द सरळ लिहून, आकारांत बदलून, मग आख्ख्या शब्दाला कमानीचा पीळ द्यावा, म्हणजे शिरोरेषा खरोखर वाकते. पीळ २०-२५ टक्क्यांवर गेला की टोकांची अक्षरं फार ताणली जातात, तिथे थांबावं.

रंगीबेरंगी अक्षरांचं प्रकरणही असंच. प्रत्येक अक्षराला वेगळा रंग देताना ‘अक्षर’ म्हणजे काय हे संगणकाला माहीत असेलच असं नाही. ‘क्षि’ मध्ये त्याच्या हिशेबानं क, पायमोड, ष आणि वेलांटी असे चार तुकडे आहेत. त्यांना वेगवेगळे रंग दिले किंवा ॲनिमेशनमध्ये एकेक करून आणले की जोडाक्षर फुटतं, पायमोड उघडा पडतो, वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकते. तोडायचं ते आख्ख्या अक्षरगटावर, कागदावर आपण जसं मोजतो तसं. युनिकोडच्या १५.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम अक्षरगटांच्या व्याख्येतच आला आहे, पण जुनी अवजारं तो पाळत नाहीत. खात्री नसेल तर तुकडे हातानं पाडावेत. आणि मांडणीच्या अवजारात मुळातच वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसत असेल, पायमोड उघडे दिसत असतील, तर फॉन्टला दोष देण्याआधी परिच्छेदाचा कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवून ओळी लावणारी सोय, बदलून बघावा. ॲडोबीच्या अवजारांत त्याला वर्ल्ड-रेडी कंपोझर म्हणतात.

फॉन्ट कुठे लावावा याचं उत्तर फॉन्टच्या आवाजात असतं. व्हिन्सेंट कॉनेअर यांनी १९९४ साली मायक्रोसॉफ्टमध्ये कॉमिक सान्स आखायला घेतला तो एका कार्टून कुत्र्याच्या बोलण्याच्या फुग्यात टाइम्स न्यू रोमन विजोड दिसला म्हणून. त्या फुग्यासाठी तो अगदी चोख होता. पुढे तो सूचनांवर, पत्रांवर, पाट्यांवर गेला आणि बदनाम झाला. आकार तेच होते, फुगा तेवढा राहिला नव्हता. आपल्याकडेही हीच कसोटी लावावी. बालपुस्तकाचं मुखपृष्ठ, वाढदिवसाचं आमंत्रण, खेळाची पेटी, चित्रकथेतला आवाज, मुलांच्या कार्यक्रमाचा फलक: इथे कुणीतरी मोठ्यानं, हसत बोलतंय असं वाटलं पाहिजे. औषधाच्या सूचना, रक्कम, वेळापत्रक, शोकसंदेश इथे नाही. आणखी एक जागा वर्ज्य धरावी असं मला वाटतं, ती म्हणजे पहिल्यांदा अक्षरं गिरवणाऱ्या मुलाचा कित्ता. मुखपृष्ठ हवं तितकं खेळकर असू दे, पण गिरवायच्या अक्षराचं वळण नेमकं असावं. ज्याला अजून क माहीत नाही त्याला क ची गंमत कळणार नाही.

तयार फॉन्टांत स्वभावाचं अंतर बरंच आहे. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ इतका जाड आहे की शिरोरेषा आणि अंग जवळजवळ एकच होतात. अक्षराची ओळख मधल्या बारीक पांढऱ्या चिरांवर टिकते. म्हणून तो प्रचंड आकारातच वापरावा, दोन शब्दांपुरता, आणि गडद चित्रावर ठेवू नये. त्यांचाच बलू मऊ, गोल आणि कितीतरी सोशिक आहे; त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत अनेक जाड्या मिळतात, त्यामुळे उपशीर्षकही त्यातच भागतं. इंडियन टाइप फाउंड्रीचा कलम हा लिहिलेला फॉन्ट आहे, काढलेला नव्हे: फेल्ट पेनची चाल, पुढे झुकलेली, चिठ्ठीसारखी. हे तिन्ही मुक्त परवान्याखाली आहेत, म्हणजे छापील आणि व्यावसायिक कामातही वापरता येतात. फॉन्टची नुसती फाइल विकायला ठेवता येत नाही.

आणि तरीही काही शीर्षकं फॉन्टला मागूच नयेत. मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे यांनी वर्षानुवर्षं जी अक्षरं काढली ती त्या त्या नावापुरती होती; एका नावातली वेलांटी दुसऱ्या नावावर बसवता येणार नाही, कारण ती त्या शब्दातल्या शेजाऱ्यांकडे बघून वळलेली आहे. फॉन्टला शेजारी कोण येणार हे आधी माहीत नसतं. त्याला प्रत्येकाशी जमवून घ्यावं लागतं, म्हणून त्याची खोडी नेहमी जरा आवरलेली असते. एकच शब्द, एकदाच, फार मोठा लागणार असेल तर फॉन्टमध्ये तो लिहावा, आकारांत बदलावा आणि दोन-तीन जागी हात फिरवावा: एक काना लांबवावा, रफार पुढच्या अक्षरावर झुकवावा, शेवटच्या अक्षराची शिरोरेषा थोडी पुढे जाऊन खाली वळू द्यावी. अर्ध्या तासाचं काम आहे.

एवढं झाल्यावर शीर्षक खऱ्या आकारात छापावं, भिंतीला लावावं आणि चार-पाच पावलं मागे जावं. शब्द वाचता आला तर कागद काढून उलटा, डोकं खाली करून धरावा. आता वाचणं थांबतं आणि आकार तेवढे दिसतात. टांगलेली अक्षरं उभी झालेली असतात, शिरोरेषा जमीन झालेली असते, आणि सगळे पाय घरांच्या छपरांसारखे वर आलेले असतात, कुठे उंच, कुठे बुटके. त्यात लागोपाठ तीन छपरं एका उंचीची दिसली तर मधल्याचा दंड २० एककांनी कमी करावा. कुठे काळा डाग साकळलेला दिसला तर तिथे बहुधा जोडाक्षराची पोकळी बुजलेली असते, ती उघडावी. मग कागद सुलटा करून पुन्हा लावावा.